दगडावर बसल्याशिवाय गावकरी नाही

आमच्या सीमाफेरी कमिटीच्या मीटिंगमध्ये कामं कमी आणि किस्से जास्त. एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच घुसतो. तेव्हा सुचतील तसे सांगते.

आमचं गाव स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, नदीच्या वळणावर. डोंगरापलीकडे इंग्लंड. लंडनजवळचं स्लाऊ सोडून मी इथल्या फार्मसीत नोकरीला आले, तेव्हा हॅरोच्या मावशीने फोनवर विचारलं, "अगं, हे एडिंबराच्या जवळ आहे का?" शेजारी कमिटीची अध्यक्ष मॅगी बसली होती, वय ऐंशीच्या पुढे. मी तिला मावशीचा प्रश्न सांगितला.

"तिला सांग, एडिंबरा आमच्या जवळ आहे."

*

जुन्या काळी इंग्रजांनी हे गाव जाळलं होतं. मॅगी ते गेल्या मंगळवारी घडल्यासारखं सांगते. एकदा इंग्लंडच्या एका पाहुण्याने चर्चची जुनी भिंत बघून कौतुकाने विचारलं, "ही इतकी काळी कशाने झाली?"

"तुमच्या मंडळींनी केली," मॅगी त्याच्या कपात चहा ओतत म्हणाली. "साखर घेणार?"

*

दरवर्षी अख्खं गाव हद्दीच्या दगडांवरून फेरी मारतं. आमचं गाव इथपासून इथपर्यंत, हे जगाला दाखवायला. नवीन माणसाला उचलून शेवटच्या दगडावर दणकन बसवतात, मग तो गावकरी. पहिल्या वर्षी चौघांनी मला हातापायांना धरून उचललं. "अहो, थांबा, मी स्वतः..." वाक्य दगडावरच संपलं. पुढचे काही दिवस मी जेवलेसुद्धा उभ्याने.

*

यंदा तो शेवटचा दगड असलेलं कुरण लंडनच्या एका गृहस्थाने विकत घेतलं आणि गेटला कुलूप ठोकलं. आमचा सेक्रेटरी रॉबर्ट घाबरला. "यंदा तो दगड वगळू या."

मॅगी उखडली. "एक वर्ष वगळलं की वाट गेली. मग आपलं गाव कुठे संपतं, हे तो ठरवणार?"

मलाही भयंकर राग आला होता. त्या दगडावर मी इथली झाले होते. त्याला कुणी कुलूप लावावं, हे मला सहन होईना.

*

फेरीच्या दिवशी आम्ही एकमेकांना हात देत गेटवरून चढलो. मॅगीची काठी आधी पलीकडे गेली, मग मॅगी. दगडापाशी पोचतो तोच कोरे करकरीत गमबूट घातलेला तो गृहस्थ धावत आला.

"मी कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

मॅगीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "इथे कधी राहायला आलात?"

"मार्चमध्ये. का?"

"म्हणजे नवीन," मॅगी म्हणाली आणि तिने आमच्याकडे पाहिलं.

त्याचा डावा पाय माझ्याकडे होता.