रोहिणीचं विचारणं

रोहिणी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बजाजनगरच्या ऑफिसात होते. फोन तिच्या नवऱ्याचा, प्रकाशचा. रडू आलंच, पण अंत्यविधीला जमलेली गर्दी पाहून मनात आलं, माझ्या वेळी येतील का एवढी माणसं? गेलेल्या मैत्रिणीचाही हेवा वाटावा...

आम्ही कॉलेजपासूनच्या, पुढं एकाच ऑफिसात. दुष्काळाची वर्षं होती. पडेगावकडं इमारती उठत होत्या आणि त्यांच्यासकट आसपासची गावं टँकरवर होती. गावोगावच्या फोनवर चालणारं टँकर मागवायचं अ‍ॅप मी लिहिलं होतं. त्याला काय काय करता येईल ते मी त्यातच पक्कं लिहून टाकलेलं. ऑफिसातल्या सर्व्हरवर एखादी नवी सोय आली, की अ‍ॅप बदला अन् प्रत्येक फोनवर पुन्हा घाला. रोहिणी म्हणाली, "अगं, अ‍ॅपलाच विचारू दे की सर्व्हरला, तुझ्याकडं काय काय आहे म्हणून!" आणि तिनं तसं केलं. अ‍ॅप जोडलं गेलं की आधी विचारायचं. सर्व्हर प्रत्येक सोयीचं नाव, ती काय करते, तिला कोणती माहिती द्यायची, हे सांगायचा. सोय वाढली की तो आपणहून कळवायचा, अ‍ॅप पुन्हा विचारायचं. इतकं सोपं! मला का सुचलं नाही, या रागात मी तिच्या कामात चुका शोधत बसले.

एक सापडली. एका सोयीचं वर्णन नुसतं 'पाणी बघा' असं होतं. टाकीतलं की टँकरमधलं? भर बैठकीत मी ते बोलून दाखवलं. "बरं झालं सांगितलंस गं," म्हणत तिनं तिथंच सर्व्हरवरची ओळ बदलली, आणि समोरच्या सगळ्यांच्या फोनवर ती बदललेली दिसली. चूक काढायला गेले आणि तिचंच म्हणणं सिद्ध करून बसले. त्याच उन्हाळ्यात टँकर भरायची विहीर आटली. दुपारी रोहिणीनं 'जवळची दुसरी विहीर शोधा' ही सोय सर्व्हरवर घातली. एकाही फोनवर काही नवं न घालता संध्याकाळी गावांत पाणी पोचलं. लोक तिला ताई म्हणू लागले. मी मॅडमच राहिले.

परवा प्रकाशकडं गेले होते. तिच्या टेबलावर तिचा फोन त्यानं अजून चालू ठेवलाय. मी बसले असतानाच तो वाजला. प्रकाशच्यानं उचलवेना, म्हणून मी घेतला. पैठणकडच्या एक बाई होत्या.

"रोहिणीताई हायेत का?"

"नाहीत हो... वारल्या. मी त्यांची मैत्रीण."

पलीकडं हुंदका. "लई गोड बोलायच्या ओ..."

काम काय होतं ते मी विचारलं, आणि अ‍ॅपमध्ये कुठं काय दाबायचं ते सावकाश समजावलं. बाईंना जमलं.

"तुमाला बी ताईनंच शिकिवलं का?"

आतून चरचरलं. अजूनही. टेबलापलीकडं प्रकाश माझ्याकडं बघत होता.

"व्हय," मी म्हणाले.