बेचाळिसावं भोक

नवरा पाणी उपसायचा आणि बायको पाणी अडवायची, त्यामुळे दोघांचा संसार एकाच पाण्यावर चालला होता. इमारतीच्या पायासाठी खोल खड्डा खणला की त्यात झऱ्याचं पाणी साचतं. ते पंपाने रात्रंदिवस बाहेर काढायचं काम त्याचं, गळक्या तळघरांतलंसुद्धा. खड्ड्याच्या तळाला आणि भिंतींना पाणी न झिरपणारी चादर चिकटवायची, म्हणजे पुढे तळघरात ओल येणार नाही, हे काम तिचं. तो म्हणायचा, "माझी बायको माझ्या पोटावर पाय देणारी बाई आहे. सगळी तळघरं हिने बांधली असती तर मी उपाशी मेलो असतो." हे तो चारचौघांत सांगायचा आणि सांगताना त्याची छाती दोन बोटं पुढे यायची.

साइटवर तिला सगळे ठिगळमावशी म्हणत. सुरुवातीला हे नाव कुणीतरी चेष्टेने ठेवलं होतं. या कामात येण्याआधी ती झाडूवाली होती. चादर चिकटवणाऱ्या माणसांच्या पुढेपुढे जागा झाडत जायची. धुळीवर डिंक धरत नाही एवढंच तिला सांगितलेलं, पण तिने ते असं मनावर घेतलं की झाडून झाल्यावर गुडघ्यावर बसून गालाने जमीन तपासायची. हाताला जी धूळ लागत नाही ती गालाला लागते. वर्षभराने तिथल्या ठेकेदाराच्या ध्यानात आलं की हिने झाडलेल्या भागातला एकही सांधा उकलत नाही. मग त्याने तिच्या हातात झाडूऐवजी चादर दाबून बसवायचा रूळ दिला. आता तिच्या हाताखाली सहा माणसं होती, गुडघ्यांना जुन्या टायरच्या ट्यूबमधून कापलेल्या पट्ट्या होत्या, आणि अठरा वर्षांत तिने केलेली तेवीस तळघरं होती. त्यांतलं एक गळलं होतं.

ते तिचं पहिलं. कापडाच्या दुकानाखालचं. दोन वर्षांनी तिथल्या गठ्ठ्यांना कुबट वास यायला लागला. मालकाने बोलावलं म्हणून ती गेली आणि जिन्यावरच थांबली. तो वास तिला आधी कळला, डाग नंतर दिसला. चौकशीत निघालं ते असं, की सळई बांधणाऱ्या एका माणसाच्या हातून चादरीला भोक पडलं होतं आणि कामावरून काढतील या भीतीने तो बोलला नव्हता. वर काँक्रीट पडलं, भोक झाकलं, माणूस सुटला. त्या तळघराच्या भिंतीला अजूनही दर दोन वर्षांनी भोकं पाडून आत औषध भरावं लागतं.

त्या दिवसापासून तिने एक नियम केला. चादर अंथरल्यावर तिच्यावर सळईवाले येणार, सळया टाकणार, पहारी फिरवणार, भोकं पडणारच. ज्याच्या हातून भोक पडेल त्याने तिथे लाल खडूने गोल करायचा आणि तिला हाक मारायची. शिवी नाही, पगार कापायचा नाही, नाव विचारायचं नाही. साहेबानेसुद्धा विचारायचं नाही. भोकाला फक्त नंबर. बाकी ठेकेदार हसले. "चोरांना म्हणे हाक मारून चोरी सांगा," असं म्हणाले. पण पुढच्या बावीस तळघरांत ओल आली नाही, आणि या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त अभिमान होता. चादरीपेक्षाही जास्त. माणसं आपल्याला येऊन सांगतात, हे ती नवऱ्याला पुन्हापुन्हा सांगायची. तो मान डोलवायचा.

आताचं काम चोविसावं. मोठ्या दवाखान्याची नवी इमारत, तिचं तळघर. तिथे रोग्याला आत सरकवून फोटो काढणारं यंत्र बसणार होतं, शिवाय जनरेटर आणि औषधांची कोठी. खड्डा वीस फूट खोल. चादर पांढरी, जाड, नव्या जातीची. तिच्यावर थेट काँक्रीट ओतायचं म्हणजे ते तिला घट्ट धरून बसतं. सळईचं जाळं दुहेरी, इतकं दाट की खालची चादर चाळणीतून बघावी तशी दिसायची.

सळईवाल्यांचा मुकादम जाड मिशीचा आणि तिखट जिभेचा माणूस होता. रोज सकाळी खाली उतरला की आधी तिला गाठायचा.

"मावशी, आजपर्यंत किती?"

"चौतीस."

"सगळी आमचीच ना? तुमच्या माणसांचं एकही नाही. देवमाणसं दिसतात."

"आमच्या हातात कापड असतं आणि तुमच्या हातात लोखंड. त्यात देवाचं काय आलं?"

"नाही, म्हटलं तुमचं खातं कधी उघडतंय ते बघावं."

"वाट बघा. मिशी पांढरी होईल."

ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी आकडा एकेचाळीसवर गेला. एकेचाळिसावं भोक लिफ्टच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात होतं, सळया सगळ्यात दाट तिथेच. ऊन उतरलं होतं, माणसं घरी निघाली होती. ती स्वतः आत शिरली, ठिगळ लावलं, रूळ फिरवला, कडा नखाने दाबून बघितल्या आणि वर आली.

सकाळी घराच्या पायरीवर बसून ती कटरमध्ये नवं पातं घालत होती. तिच्या कटरच्या पात्याला आडव्या रेघा असतात. धार गेली की रेघेवर एक तुकडा मोडायचा आणि तो खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत टाकायचा, इकडेतिकडे नाही. जुनं पातं बाहेर काढलं आणि तिचा हात थांबला. पातं रेघेवर मोडलेलं नव्हतं. टोकाचा नखाएवढा तुकडा तिरका उडालेला होता. तिने डबी उपडी केली. सगळे तुकडे रेघेचे. तो नव्हता.

नवरा बुटाच्या नाड्या बांधत होता. "काय गं, पात्यात आरसा बघतेस का?"

"टोक तुटलंय."

"मग दुसरं लाव."

"अहो, टोक तुटलंय."

दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्याने नाडी तशीच सोडली. एवढी वर्षं तिच्याबरोबर काढलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागलं नाही. ठिगळ नेहमी फळीवर कापायचं, हे ती आपल्या माणसांना घोकून घ्यायला लावायची. लाकडावर पात्याचं टोक तुटत नाही. काल त्या कोपऱ्यात फळी आत शिरेना, म्हणून तिने पट्टी चादरीवरच ठेवून एक हलका हात मारला होता. एकच. टोक तुटलं याचा अर्थ ते चादरीतून आरपार जाऊन खालच्या काँक्रीटच्या थरावर आपटलं होतं.

"मुकादम तुला सोडायचा नाही," तो म्हणाला.

"सोडू नयेच त्याने."

"आणि नाहीच सांगितलंस तर?" त्याने विचारलं, पण बूट बांधता बांधता, खाली बघत. त्याला उत्तर माहीत होतं, तरी विचारून बघणं नवऱ्याचं काम असतं. तिने डबी पिशवीत टाकली. रस्ताभर तिच्या डोक्यात यंत्राची खोली होती आणि तिच्या जमिनीवर हाताच्या पंजाएवढा काळसर डाग, कडेला मिठासारखी पांढरी रेघ असलेला. तो डाग अजून कुठेच नव्हता आणि तिला त्याचा वाससुद्धा येत होता.

साइटवर काँक्रीटच्या तीन गाड्या पोट फिरवत रांगेत उभ्या होत्या. पंपाचा लांब पाइप खड्ड्यावर वाकला होता. चष्मेवाला इंजिनिअर कागद घेऊन धावतच आला.

"मावशी, या लवकर. सही करा, पहिली गाडी लावतोय."

"सही होणार नाही साहेब. भोक आहे."

"आता? कुणी पाडलं?" विचारलं आणि त्याला नियम आठवला. "बरं, कुणी ते राहू द्या."

"मी."

सळईवाली माणसं खड्ड्याच्या काठावर बसली होती. त्यांतल्या एकाने ओठाला लावलेला कप तिथेच थांबवला. मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता. तिने त्याच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. रस्त्यात तिने त्याच्या टोमण्याला उत्तर तयार ठेवलं होतं, पण टोमणा आला नाही.

"केवढं आहे?" इंजिनिअरने विचारलं.

"नखाएवढं. कदाचित कमी."

"अहो मावशी, वर तीन फूट जाड काँक्रीट पडतंय! नखाएवढ्या चिरेतून काय येणार आहे? ते सळईचं जाळं उचलायचं म्हणजे दुपार. या गाड्या दीड तासावर थांबत नाहीत, आतच गोळा होतो. कुणाला कळणार आहे ते?"

"पाण्याला वेळच वेळ असतो साहेब. त्याला दुसरं काम काय आहे? ते रोज त्या चिरेशी येऊन बसणार. आज नाही तर चार वर्षांनी आत शिरणार. तुम्हाला ओतायचं तर ओता, मी अडवणारी कोण? पण कागदावर माझी सही नसेल."

इंजिनिअरने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग फोन लावून त्याने पहिल्या दोन गाड्या मागच्या कंपाउंडच्या पायात ओतायला पाठवल्या आणि तिसरी परत. फोनवर त्याला पलीकडून जे ऐकवलं गेलं ते त्याच्या कानाच्या रंगावरून सगळ्यांना कळलं.

"दाखवा कुठे," तो म्हणाला.

मुकादम तोवर तार सोडायचा हूक घेऊन खाली उतरला होता. त्याच्या मागोमाग चौघं. वरच्या जाळ्यातल्या गाठी सोडून त्यांनी बारा सळया बाजूला सरकवल्या, खालच्यांमध्ये खांदा जाईल एवढी फट केली. ती पोटावर आडवी झाली आणि आत सरकली. सळईचा गारवा गालाला लागला. कापडाने चादर पुसली. डोळ्यांना काही दिसेना. पांढऱ्यावर पांढरी चीर कशी दिसणार? मग तिने लाल खडू चिमटीत चुरडला, ती पूड चादरीवर चोळली आणि पुन्हा पुसली. सगळी पूड निघाली, एक लाल केस राहिला. बोटाच्या पेराएवढा. केसाच्या टोकाला पात्याचा तुकडा काट्यासारखा उभा होता.

तिने तो नखांच्या चिमटीत धरून ओढून काढला. ठिगळ या वेळी वर, फळीवर, दुसऱ्या माणसाने कापलं आणि सळयांमधून खाली दिलं. चारही बाजूंनी वीतभर जादा. रूळ फिरवताना तिचा खांदा दुखत होता, पण हात बरोबर चालला. खडूने गोल केला. आत लिहिलं, ४२.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर सळईचा गंज होता. मुकादम अजून तिथेच उकिडवा बसला होता.

"मावशी, खडू द्या जरा."

"कशाला? खूण केलीये मी."

"ही नव्हे." त्याने मानेने पलीकडची भिंत दाखवली. "तिकडे. भिंतीच्या पायथ्याशी. परवा पहार निसटली."

"कुणाच्या हा..." ती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"विचारा की. माझ्याच हातून." त्याने मूठ पुढे केली, म्हणजे भोक केवढं ते कळावं. "वर ठोकळा ठेवला आणि सळई बांधून टाकली."

"अहो, माणसांना सांगायला लावलंत ना तुम्ही? एकेचाळीस वेळा लावलंत."

"त्यांना लावलं. माणसांनी सांगितलं तर ती चूक असते. मुकादमाने सांगितलं तर हसं होतं." तो तळव्याने मिशी चोळत राहिला. "तुमचं खातं कोरं होतं तोवर तोंडच उघडेना. दोन दिवस जेवण गेलं नाही बघा."

मुठीएवढं भोक, भिंतीच्या पायथ्याशी, जिथे पाण्याचा दाब सगळ्यात जास्त. तिने सकाळी सही केली असती तर? आज पातं न बघता नवं घातलं असतं तर? तिचा नियम इतकी वर्षं चालला असं ती समजत होती. आता तिला कळलं की तो हाताखालच्या माणसांपुरता चालला होता. वरच्याला आधी कुणीतरी वरचं बोललेलं ऐकावं लागतं, आणि वरची तर तीच होती.

तिने त्याच्या हातात खडू दिला. मग काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढून म्हणाली, "आणखी कुणाचं असेल तर आत्ताच. साहेबांचा कान तसाही लाल झालाय, परत परत करायला नको."

काठावर हशा पिकला. इंजिनिअरही हसला, जरा उशिरा. कुणी हात वर केला नाही, आणि या वेळी तिने त्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवला.

त्रेचाळिसाव्याला दुपार गेली. चादर ताटाएवढी कापून काढावी लागली, नवा तुकडा घालून त्यावर दोन थर द्यावे लागले. मुकादमाने सगळा वेळ तिच्यासाठी सळई खांद्यावर पेलून धरली, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. चार वाजता तिने सही केली आणि पहिलं काँक्रीट पडलं.

पाच महिन्यांनी, खालचं पाणी तळघराला उचलू शकणार नाही एवढं इमारतीचं वजन वर चढल्यावर, नवऱ्याने पंप बंद केले. तेरा दिवस त्याने पाणी आपल्या मनाने वर येऊ दिलं. चौदाव्या दिवशी बाहेरच्या तपासणीच्या पाइपात दोरीला बांधलेला नट सोडून त्याने उंची मोजली आणि जिना उतरून आत आला. यंत्राच्या खोलीत ती चपला काढून फिरत होती, आधी लिफ्टच्या कोपऱ्यात, मग भिंतीच्या कडेकडेने. मुकादम दारात उभा होता. हे काम त्याचं नव्हतं, तरी तो आला होता. चालून झाल्यावर तिने पाय उचलून तळवा बघितला. सिमेंटची कोरडी, पिठासारखी पूड.

"बाहेर किती आलं?" मुकादमाने विचारलं.

"सात फूट," नवरा म्हणाला. त्याने भिंतीवर आपल्या डोक्याच्या वर हात लावून दाखवला. "इथवर. भिंतीपलीकडे उभं आहे. चहूबाजूंनी रेटतंय."

"रेटू दे," ती म्हणाली आणि तिने चपला घातल्या.