टोपलीतले मुळे

१९३५च्या आसपासची गोष्ट. नाशिकबाहेरच्या आमच्या मळ्यातून आई सकाळी भाजी घेऊन बाजारात जायची. मुळे धुऊन ती टोपलीत असे रचायची, की पांढरी टोकं मधे, हिरवा पाला कडेला आणि मोठं फूलच उमलल्यासारखं दिसायचं. बाजारात अडत्या ती टोपली सरळ ढिगावर उपडी करायचा.

एकदा मी सोबत होते. ते बघून माझं डोकंच फिरलं. "उद्यापासून नुसते कोंबून आणू. कशापायी एवढा जीव काढतीस?"

आईनं रिकामी टोपली काखोटीला मारली. "अगं, मळ्यापासून इथवर ती माझ्या डोक्यावर असती. तेवढा येळ तरी माझी हाय ना?"

दुसऱ्या दिवशी मुळे मी रचले. मधोमध एक झेंडूही खोचला. आता कर म्हणावं उपडी!