झाडातली मोट
कापसाचं बोंड हातात आलं की मला तेलंगणाच्या सीमेवरच्या बेला गावातलं आमचं शेत आठवतं. मी आदिलाबादला बीएस्सी करत होते. वर्गात सगळं तेलुगूत नि इंग्रजीत, म्हणून मी मागच्या बाकावर मुक्यासारखी बसायची. दिवाळीला घरी आले आणि "आता परत जात नाही" असं सांगून टाकलं. आई मला वेचणीला घेऊन गेली. कमरेच्या ओटीत कापूस टाकता टाकता म्हणाली, "काय शिकवून राह्यले तुले तिथं? सांग ना मले." मुळं पाणी घेतात, ते शेंड्यापर्यंत चढतं, एवढं मी सांगितलं. आईचा हात थांबला. "इथं ना बैल हाय, ना नाडा. मंग मोट वढते कोन?" तेवढं विचारायला मी परत गेले, नि मोडक्यातोडक्या तेलुगूत भर वर्गात विचारलं. सरांनी फळा पुसून धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला. "प्रश्न कुठल्या पुस्तकातला?" "माझ्या आईचा, सर." पुढच्या सुट्टीत मी तिला उत्तर सांगितलं: उन्हात पानांतलं पाणी उडतं, त्या ओढीनं खालचं वर येतं. "म्हंजे पानंच बैल होय!" आई म्हणाली. आता मीच कॉलेजात हा धडा शिकवते. इतक्या वर्षांत मला आईच्या त्या वाक्याहून चांगलं काही सुचलेलं नाही.