लाडवावर चहा नको

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात रक्त न देण्याची कारणं जितकी होती, तितकी रक्त देणारी माणसं नव्हती. मराठी मंडळाचे डॉक्टरकाका, तीसेक वर्षांपूर्वी नागपूरहून आलेले आणि आता रिटायर झालेले, दर गणपतीत रक्तदानाची टूम काढत आणि आमची आयटीतली पोरं दर गणपतीत नवी सबब काढत. सगळ्यात जालीम सबब इंडियाची. भारतात जाऊन आलं की मलेरियाच्या भीतीनं इथे वर्षभर रक्त घेत नाहीत, आणि आमची मंडळी दर डिसेंबरात जाणारच! "काका, मनापासून द्यायचं होतं हो, पण नेमका पुण्याला जाऊन आलो," हे सांगताना एकेकाचा चेहरा असा, की यांना जणू हातपाय बांधून पुण्याला नेलं होतं. एक म्हणाला, माझा ग्रुप रेअर आहे, तो मी इमर्जन्सीसाठी राखून ठेवलाय. कुणाच्या इमर्जन्सीसाठी, ते काही बोलला नाही. दुसरा म्हणाला, "यार, माझं रक्त एच-वन व्हिसावर आहे, ट्रान्सफर करायला वकील लागेल." माझा नवरा बिचारा सबब सांगत नसे. तो सुई बघून सरळ आडवाच होई.

मला मात्र द्यायचंच होतं. लेकीच्या वेळी, २००३ साली, बाळंतपणात माझ्या अंगावरून इतकं गेलं की दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. नीट शुद्धीवर आले तेव्हा दुसरी पिशवी संपत आली होती. मी नर्सला विचारलं, कुणाचं आहे हे? ती म्हणाली, ते आम्हालाही कळत नाही, असेल कुणीतरी भला माणूस. झालं! म्हणजे हा भला माणूस एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाही वर सारून झोपला असणार, नंतर फुकटचं बिस्किट खाऊन कामाला गेला असणार, आणि त्याला पत्ताही नाही की पुण्याची एक बाई त्याच्या जिवावर उठून बसलीय आणि लेकीला पाजतेय. आभार तरी कुणाचे मानायचे? मला हे सहन होत नाही. शेजारणीची वाटीसुद्धा मी कधी रिकामी परत केलेली नाही, आणि इथे तर दोन पिशव्या!

ज्याला रक्त चढवलंय, त्याचंही वर्षभर घेत नाहीत. ते वर्ष संपलं आणि मी ऑफिसात भरलेल्या ब्लड ड्राइव्हला, म्हणजे रक्तदान शिबिराला, गेले. तिथल्या बाईनं बोट टोचलं, थेंब मशिनीत घातला आणि म्हणाली, सॉरी हनी, आयर्न कमी आहे. नापास! शाळेत कधी शेरा न मिळालेली मी, बोटाला पट्टी लावून जागेवर परत. काही महिन्यांनी पुन्हा गेले, पुन्हा नापास. त्यात आम्ही २००५ च्या डिसेंबरची भारताची तिकिटं काढली. लेक झाल्यापासून गेलोच नव्हतो, आणि एकदा सुरुवात झाली की दर डिसेंबर आलाच. म्हणजे मीही आता काकांना सांगणार, "नेमकी पुण्याला जाऊन आले हो!" द्यायचं तर तिकिटाच्या तारखेआधी, नाहीतर विसरा.

मे महिन्यात सासूबाई आल्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर. सोबत एक लोखंडी कढई. कस्टमच्या माणसानं ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "भेंडी." त्यानं पुढे काही विचारलं नाही. घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी मला उजेडात नेऊन डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. "अगं, काय ही दशा! हळदीकुंकवाला गेलीस तर नुसतं कुंकू दिसेल, तू दिसणार नाहीस." दुसऱ्याच दिवशी अळिवाचे लाडू वळून डबा भरला. सकाळी एक, चारला एक, रात्री एक. माझी काही तक्रार नव्हती. हे सगळं कशासाठी चाललंय, ते मी त्यांना बोलले नव्हते एवढंच.

लाडवाचा डबा ऑफिसात नेला आणि घोटाळा झाला. अळिवाचे लाडू म्हणजे बाळंतिणीचा खुराक. आमच्या मजल्यावरच्या एका मराठी बाईनं डब्यात डोकावून पाहिलं आणि किंचाळलीच, "अय्या! आत्तापासूनच तयारी?" मी नाही नाही म्हणेपर्यंत बातमी मंडळभर. शनिवारी सासूबाईंना अभिनंदनाचे तीन फोन आले. तासभर बाई हवेत होत्या. खरं कळल्यावर माझ्यावरच चिडल्या, जणू मी दिलेला शब्द मोडला होता.

जुलैत ऑफिसात पुन्हा ड्राइव्ह. हिमोग्लोबिन साडेबारा हवं होतं, माझं भरलं बारा पॉइंट दोन. इतके लाडू खाऊन काठावर नापास! घरी येऊन मी पर्स सोफ्यावर आपटली आणि रडायलाच लागले. सासूबाईंनी विचारलं तेव्हा सांगून टाकलं की रक्त द्यायला गेले होते, घेतलं नाही.

"रक्त द्यायला?" त्यांचा आवाज चढला. "मी इकडे गुडघे दुखत असताना लाडू वळतेय, आणि तू ते बाहेर वाटायला निघालीस? घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! आधी स्वतःचं बघ."

"आई, माझ्या अंगात जे आहे तेच मुळी वाटलेलं आहे," मी म्हणाले.

नवरा छताकडे बघायला लागला. कारण एवढ्या लांब त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून आम्ही ती गोष्ट पुण्याला कळवलीच नव्हती. मग तिथेच, रडत रडत, मी सगळं सांगितलं. सासूबाई खुर्चीत बसल्या.

"म्हणजे तुम्ही मला फोनवर सांगितलंत, सगळं छान आहे, पेढे वाटा," त्या म्हणाल्या. "आणि मी गल्लीभर पेढे वाटत फिरले. तू तिकडे तशी पडलेली, आणि मी पेढे वाटत होते." पदर डोळ्यांना लावून त्या रडल्या. मला त्यांच्याजवळ जाऊन बसण्याखेरीज काही सुचलं नाही.

थोड्या वेळानं नाक पुसून त्यांनी विचारलं, "कोण होता गं तो?"

"माहीत नाही, आई. सांगत नाहीत."

"मटण-मासे खाणारा असेल."

"असेल."

"असू दे. खाणाऱ्याचंच रक्त चांगलं," जन्मात अंड्याला हात न लावलेल्या सासूबाई म्हणाल्या, आणि उठून अळीव भिजत घालायला गेल्या.

पुढच्या रविवारी डॉक्टरकाका लेकीला पुस्तकं द्यायला आले. सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे ट्रे आणला: लाडू आणि आलं घातलेला कडक चहा. मी एक घास, एक घोट असं सुरू केलं. काका ओरडले, "अगं थांब! रोज असंच खातेस?"

"हो, तिन्ही वेळा," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "माझ्या हातचा चहा घेतल्याशिवाय तिला लाडू उतरत नाही."

"मग कसलं रक्त वाढणार, कप्पाळ! लाडवातलं लोह हा चहा अंगी लागूच देत नाही. दोन तास तरी अंतर ठेवा."

सासूबाईंचा चेहरा मला आजही आठवतो. दोन महिने एका हातानं घातलेलं त्या दुसऱ्या हातानं काढून घेत होत्या. त्या दिवसापासून त्या चहाच्या डब्यावर पहारेकरी झाल्या. चहाला वेळ नसते म्हणतात. आमच्या घरी ती आली. लाडवाबरोबर लिंबूपाणी मिळे. मी चोरून पातेलं ठेवलं, तर वरच्या मजल्यावरून हाक येई, "वास येतोय हं मला!" माझं डोकं दुखे, मी चिडचिड करी, नवरा बाहेर जाऊन एकटा चहा पिऊन येई आणि आमच्यासमोर तोंड पुसत उभा राही.

सप्टेंबरात गणपती आले. आमच्याकडे बाप्पा सोयीनं शनिवारी येतात, शाळेचा हॉल भाड्यानं मिळतो तेव्हा. आत आरती, बाहेर पार्किंगमध्ये रक्तदानाची बस. सासूबाई मोदक सोडून माझ्यामागे बसपर्यंत आल्या. बोट टोचलं. त्यांनी आधी हॉलच्या दिशेनं हात जोडले, मग मशिनीला.

"तेरा," आतली बाई म्हणाली. "ग्रेट!"

मी पास! गेल्या वर्षभरात देशाबाहेर गेला होतात का, नो. हे झालं का, नो. ते झालं का, नो. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही. झोपले, सुई गेली, नळी लाल झाली. धीर द्यायला आलेल्या नवऱ्यानं त्या नळीकडे एकदाच पाहिलं आणि बसच्या पायरीवर डोकं गुडघ्यांत घालून बसला. "त्याला लाडू द्या गं कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या. त्यांची नजर पिशवीवरून हलत नव्हती. पिशवी भरत आली तशी त्यांनी हलकेच विचारलं, "तुला दिली ती एवढीच होती?"

"एवढीच. अशा दोन."

त्या माझ्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या.

रक्त देऊन झालेल्यांसाठी हॉलच्या दारात टेबल मांडलं होतं. बिस्किटं, ज्यूस, कॉफी आणि आमचा डबा. तिथे एक उंच गोरा माणूस दंडाला पट्टी बांधून उभा होता. शाळेची बस चालवायचा. ढोल ऐकून आत डोकावला होता आणि बाहेर रक्तदानाची बस दिसली म्हणून रक्त देऊन आला होता. त्यानं एका हातात लाडू घेतला, दुसऱ्या हातात कॉफी. सासूबाई तीरासारख्या पुढे झाल्या आणि त्याच्या हातातला कप काढून घेतला. "नो कॉफी!" तो गांगरला. मग त्यांनी कप बाजूला ठेवला, हात जोडले आणि म्हणाल्या, "थँक यू."

कशाबद्दल, त्यानं मला विचारलं. मी त्याला दोन पिशव्यांची गोष्ट सांगितली. तो लाजला. म्हणाला, पण मॅम, मी तर आज पहिल्यांदाच दिलं, तो माणूस मी नाही. मी तसं सासूबाईंना सांगितलं.

"कळतंय मला," त्या म्हणाल्या. "पण याचं रक्त आता कुणाच्या तरी सुनेला जाईल ना? तिची सासू असेल कुठेतरी लांब, पेढे वाटत. तिला कुणी सांगितलंही नसेल. तिच्या वतीनं मी थँक यू म्हणतेय, म्हणावं."

मी हे त्याला जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, तो सासूबाईंकडे. मग त्यानं कॉफीकडे ढुंकूनही न बघता डब्यातला दुसरा लाडू उचलला.