तिसरी शिट्टी

शाळेत त्याला कवायतीचे सर असं फक्त मुख्याध्यापक म्हणत. मुलं ‘गोळीसर’ म्हणत, आणि तेही त्याला नेमकं ऐकू जाईल इतक्या हळू. दर सोमवारी लोहाच्या गोळ्या मुलांच्या पोटात उतरवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. बाकीच्या शिक्षकांनी ते हुशारीनं टाळलं होतं. त्याला मात्र तो आपला सन्मान वाटला होता.

पद्धत त्याची स्वतःची होती. पहिल्या शिट्टीला गोळी जिभेवर, दुसरीला पाणी, तिसरीला तोंड उघडून जीभ वर. तिसरी शिट्टी मागाहून आली. व्हरांड्यातल्या एका कुंडीत गोळ्यांचं दफन सापडलं, त्यानंतर. जिन्याजवळच्या भिंतीवर त्यानं निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलंही होतं: ‘जेवताना चहा नको. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.’ मजकूर नर्सबाईंचा, अक्षर त्याचं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो थांबवून अक्षर दाखवी.

त्याची मुलगी त्याच शाळेत तिसरीत होती. अंगानं बारीक, म्हणून तो तिला कौतुकानं ‘काडी’ म्हणे. बायको शिवणाच्या कारखान्यात होती, ती लवकर बाहेर पडे. मग बापलेकीचं राज्य. पाव, आणि एका बशीत दोघांचा चहा. एका बाजूनं तो फुंकर घाली, दुसऱ्या बाजूनं काडी. संध्याकाळी जेवण झालं की पुन्हा तेच. आपल्यासारखा प्रेमळ बाप विरळा, असं त्याचं स्वतःविषयी फार जुनं मत होतं. पटांगणाला दुसरी फेरी मारताना काडी धापा टाकत खाली बसे. तेव्हा तो हसून म्हणे, आईवर गेलीय.

एके दिवशी नर्सबाई रक्त तपासायचं छोटं यंत्र घेऊन आल्या. रांग लावायला शिट्टी अर्थात त्याचीच. काडीचं बोट टोचून झाल्यावर बाईंनी यंत्राकडे दोनदा पाहिलं आणि त्याला जवळ बोलावलं.

“सर, सगळ्यांत कमी रक्त तुमच्याच मुलीचं आहे.”

“यंत्र बिघडलं असेल, बाई.”

“मग तुमचं बघू या का?”

त्यानं रणांगणात उतरल्यासारखं बोट पुढे केलं. त्याचंही कमीच निघालं. सगळी रांग माना उंचावून बघत होती. मोठ्या माणसाचं रक्त कमी असलं तर कारण शोधावं लागतं, तेव्हा गुपचूप डॉक्टरकडे जा, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी काडीला विचारलं, घरी काय खातेस, काय पितेस. काडीनं बशीची सगळी हकिगत अभिमानानं सांगितली, फुंकरीसकट. बाईंनी फक्त जिन्याजवळच्या भिंतीकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. अक्षर खरोखरच सुंदर होतं.

काडीला रोजची गोळी सुरू झाली. पुढच्या तपासणीत रक्त चढलं नाही तर मोठ्या इस्पितळात दाखल करावं लागेल, असं बाईंनी बजावलं. रात्री बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

“जगाच्या पोरांच्या जिभा तपासता, घरच्या बशीत काही डोकावला नाहीत,” ती म्हणाली. “आणि माझ्यावर गेली असती तर पळाली तरी असती.”

 

चहा बंद झाला. काडीनं एकच अट घातली: बाबा, तू प्यायलास तर मीपण पिणार. त्यानं मोठ्या तोंडानं कबूल केलं. चौथ्या दिवशी त्याचं डोकं असं ठणकायला लागलं की स्वतःची शिट्टी त्यालाच सोसेना. खेळाच्या सामानाच्या खोलीत, चटयांच्या गुंडाळ्यांमागे बसून त्यानं शिपायाकडून मागवलेला चहा प्यायला. गोळ्या पुरणाऱ्या पोरांशी आपलं रक्ताचं नातं आहे, हे त्याला तिथं प्रथम कळलं.

घरी आल्यावर काडीनं त्याच्या तोंडाशी नाक नेलं. म्हणाली, “जीभ वर.”

त्यानं जीभ वर केली. दुसरं करणार काय? काडी आत गेली आणि चहाचं पातेलं चुलीवर ठेवायला लागली. अट म्हणजे अट. इतका वेळ विनोदी वाटणारी गोष्ट एकदम विनोदी राहिली नाही. पातेल्याकडे जाणारे तिचे हात त्याला पहिल्यांदा नीट दिसले. नखं पांढुरकी होती, मेणासारखी. त्यानं चहाची पूड उचलली आणि शेजारणीला देऊन टाकली. मग बशीत लिंबूपाणी ओतलं. ते गारच होतं. तरी दोघांनी दोन बाजूंनी फुंकर घातली.

पुढच्या तपासणीला बाईंनी काडीचं बोट टोचलं. तो रांगेकडे पाठ करून उभा राहिला. रांग सरळ आहे की वाकडी, याची त्याला आज फिकीर नव्हती.

“चढलंय,” बाई म्हणाल्या. “अजून पुरेसं नाही, पण इस्पितळ टळलं. आता तुमचं बोट आणा.”

त्याचं जेमतेम हललं होतं. लेकीनं बापाला मागे टाकलं, असं बाईंनी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची आठवण करून दिली. गोळी खिशातच होती. सकाळपासून.

काडीनं त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. एकदा वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवताना तिला दम लागला नाही. त्याचं तिकडेच लक्ष होतं. म्हणून सगळ्या शाळेसमोर तोंड उघडून जीभ वर करायला त्याला जरा उशीरच झाला.