पाहुण्यांसाठीची म्हैस

"आई, गाव गाव करतेस ना, चल, तुला गाव दाखवतो," म्हणत मुलाने मला गाडीत कोंबलं. माझं गाव मालवणकडे. नवरा गेल्यापासून तिथलं आमचं घर बंद, किल्ली मुलाच्या कपाटात. तीन वर्षं मागतेय, मला तिथे जाऊन राहू दे. आणि गाडी निघाली कुठे, तर मुंबईहून नेमकी उलट दिशेला, दहिसर चेकनाका ओलांडून मनोरच्या पुढे. 'रँच' म्हणे. डोंबलाचं रँच! दहा-बारा म्हशी, चार घोडे, आणि शेणाच्या उकिरड्यापासून हाकेच्या अंतरावर तंबू.

तंबूत मला रांगत शिरावं लागलं. घरी जमिनीवर बसले की "आई, गुडघे!" म्हणून ओरडणारी सून बाहेर उभी राहून फोटो काढत होती.

सकाळी धार काढायचा कार्यक्रम. अंधेरी-बोरिवलीची मंडळी रांगेत उभी. एकेकाने पुढे व्हायचं, म्हशीचे सड ओढायचे, दोन थेंब पडले की टाळ्या. मी कास बघितली आणि हसूच आलं. पार लुळी पडलेली.

"हिचं दूध पहाटेच काढलंय ना गं?" मी तिथल्या बाईला विचारलं.

"मग काय आजी! भरल्या कासेला यांनी हात लावला तर लाथ बसेल. ही पाहुण्यांसाठी ठेवलीय."

म्हैस बिचारी ढिम्म उभी होती. मला तिची भारी कीव आली.

मग तिथल्या गाइडने बाजूचा पाडा बघायला नेलं. माणसं आपापल्या कामात, आणि आमचे हे लोक बुटांसकट त्यांच्या सारवलेल्या अंगणात. लाज नावाची चीज नाही! मी चपला काढून हातात घेतल्या, तर सून म्हणते, "आई, काटे लागतील."

शेवटी एक घर आलं. ओटीवर जातं आणि सूप मांडलेलं, भिंतीवर कोरी करकरीत वारली चित्रं.

"आई, बसा ना, जातं फिरवा, व्हिडिओ झकास येईल," सून म्हणाली.

जात्यात दाणा नाही. रिकामं जातं फिरवायला मला काय वेड लागलंय? मी गाइडला विचारलं, घर कुणाचं?

"एका म्हातारीचं. ती मुंबईला असते मुलाकडे. त्याने आम्हाला चालवायला दिलंय."

"ती येत नाही कधी?"

"पाहुणे असतात ना, आजी. तिला कुठे ठेवणार?"

मी मुलाकडे बघितलं. मेला झाडावरचे आंबे मोजत होता.

परतताना हायवेवर वडापाव खायला थांबलो, तेव्हा त्याने तोंड उघडलं. "आई, आपल्या घराचंही असंच करतोय. किल्ली गेल्या महिन्यातच दिली त्या लोकांना. म्हटलं, तू एकदा हे बघितलंस की तुला पटेल."

पटेल! माझं घर, आणि मला विचारायच्या आधी किल्ली परक्याच्या हातात. रडू फुटत होतं, पण या दोघांसमोर रडायचं नाही म्हणून मी गरम चहा तसाच घोटला.

"बुकिंग कोण घेणार?" मी विचारलं.

"मीच. फोनवर."

"मग काढ फोन. पहिलं नाव माझं लिही. यायची तारीख गणपतीच्या आधीची घाल."

"आणि जायची?"

"ती घालू नकोस."